तेरीज जुळली नाही

आमच्या घरी जमाखर्चाची एक जुनी वही आहे. आम्ही बी.कॉम. झालेले आणि पेशाने कारकून, त्यामुळे चहा-साखरेचा हिशेबसुद्धा जमा आणि नावे अशा दोन बाजूंनी मांडल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही. वहीतल्या सगळ्या पानांची तेरीज जुळते. फक्त एका पानावर ४० रुपयांचा फरक आहे, आणि तो आम्ही लाल शाईने गोल करून ठेवला आहे. त्या पानाच्या डोक्यावर लिहिले आहे, 'मुंबई सहल, दिवाळी सुटी २०१७'. ही त्या पानाची हकिगत.

वाचकहो, कार्यकर्त्याच्या घरची सहल कशी असते हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. आमच्या मुलांनी सहा डिसेंबरची चैत्यभूमी पाहिली होती, नागपूरची दीक्षाभूमी पाहिली होती, अजिंठा पाहिले होते. आणि कुठे जायला पैसे नसले की आमच्या तेरमध्येच सहल व्हायची. तेर म्हणजे प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल रोमपर्यंत जात होता. त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ मुळात बौद्ध चैत्यगृह होते असे अभ्यासक मानतात. लामतुरे संग्रहालयात मातीच्या बाहुल्या आहेत, मणी आहेत, भांडी आहेत. घरी पाहुणा आला की आम्ही त्याला तिथे नेणार आणि मुलांनाही मागून चालवणार. थोरली तेव्हा नऊ वर्षांची होती. ती एकदा पाहुण्यांसमोरच म्हणाली, "पप्पा, आमाला त्या मातीच्या बाहुल्या पाठ झाल्यात. त्या पण आमाला वळखतात."

धाकटा पाच वर्षांचा. त्याचे गाऱ्हाणे याहून सोपे होते. "पप्पा नेतात तिथं पाळणा नसतो."

खरे म्हणजे पाळण्याचे वेड आमचेच. आम्ही लहान असताना गोरोबाकाकांच्या यात्रेत लाकडी पाळणा यायचा, माणसे हाताने ढकलायची असा. पुढे नव्वदच्या दशकात शेजाऱ्यांच्या टीव्हीवर एस्सेल वर्ल्डची जाहिरात लागायची. घरात शिरायला जागा नसायची, आम्ही दहा-बारा पोरे उंबऱ्यावर बसून ती पाहायचो. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली हे उद्यान सुरू झाले होते. आमचे वडील दुसऱ्याच्या शेतावर कामाला जायचे. त्यांना आम्ही विचारले, आपण कधी जायचे? ते म्हणाले, पुढल्या साली. वडिलांचे पुढले साल काही उजाडले नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नव्हता. ती मोठ्यांची जागा आहे असे म्हणून आम्हीही विसरलो.

तर २०१७ च्या दिवाळीच्या आधी आमच्या आयुष्मतींची भिशी लागली. आम्ही लगेच घराचे पत्रे, थोरलीची सायकल, मंडळाची वर्गणी अशी यादी करायला घेतली. आयुष्मतींनी पेन आमच्या हातातून काढून घेतले आणि म्हणाल्या, "अहो, यंदा पोरांना एस्सेल वर्ल्डला न्यायचं. पैसे माझ्या भिशीचे हायत, भाषण करू नका."

आम्ही भाषण केले नाही. पण मनात आले ते सांगतो. चार माणसांची तिकिटे, रेल्वे, लाँच, वरखर्च. आमच्या घरच्या महिन्याच्या किराण्याहून तो आकडा मोठा होता. वस्तीत कुणाच्या पोराच्या फीसाठी आपण दारोदार फिरतो आणि स्वतः पाळण्यात बसायला मुंबईला जातो, हे लोक काय म्हणतील? शिवाय हा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा? औषधपाणी नाही, शिक्षण नाही, लग्नकार्य नाही. वहीत 'मौज' असे खातेच नव्हते. शेवटी 'किरकोळ खर्च' लिहिले. किरकोळ तो मुळीच नव्हता.

मुलांची मात्र एकच अट होती, आणि ती थोरलीने लेखी घेतली. एस्सेल वर्ल्डच्या दिवशी पप्पांचा फोन बंद राहील आणि तिच्या पर्समध्ये राहील. आम्ही वहीच्या कागदावर सही केली. आमच्या फोनबद्दल काय सांगावे? दाखला अडला, रेशन अडले, पोरगा दवाखान्यात नेला, दोन भाऊ बांधावरून भांडले, सगळ्यांना आमचाच नंबर. जेवताना डाव्या हातात फोन आणि उजव्या हातात भाकरी अशीच मुलांनी आम्हांला पाहिलेली. एकदा शाळेत 'माझे बाबा' हा निबंध होता. थोरलीचे पहिले वाक्य होते, 'माझे बाबा फोनवर असतात.' बाईंनी त्याला दहापैकी आठ गुण दिले होते.

रात्री उस्मानाबाद स्थानकावरून मुंबईची गाडी धरली (जिल्ह्याचे नाव तेव्हा धाराशिव झाले नव्हते), सकाळी दादरला उतरलो आणि लोकलने मालाड. मेव्हणे मालवणीत राहतात, रिक्षा चालवतात. दहा बाय बाराच्या खोलीत त्यांची चार आणि आमची चार माणसे. जेवताना मेव्हणे म्हणाले, "दाजी, वीस वर्षं झाली मला हितं. त्या मार्व्याच्या जेटीवर रोज दोन भाडी सोडतो. पण पलीकडं काय हाय ते काय मी पाह्यलं नाय." हे ते हसतच म्हणाले. त्यांची सात वर्षांची मुलगी मात्र हसत नव्हती. ती थोरलीच्या बॅगेतली नवी टोपी घालून पाहत होती.

आयुष्मतींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही मनातल्या मनात बेरीज केली, वजाबाकी केली, आणि पाचवे तिकीट 'आकस्मिक खर्च' या सदरात बसवले. मेव्हण्यांनाही चला म्हणालो, पण धंद्याचा दिवस बुडवायला ते तयार होईनात. त्यांनी जेटीपर्यंत रिक्षाने सोडले. मीटर पाडला नाही. आम्ही पैसे काढले तर म्हणाले, "दाजी, खिशातच ठेवा, नायतर पुलावर उतरवीन."

आत घरचे खाणे नेता येणार नाही असे कुणीतरी सांगितले होते, म्हणून जेटीवरच कठड्याला टेकून आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. सकाळच्या साडेआठला! लाँच सुटली आणि पाण्यापलीकडे सोनेरी घुमट दिसला. गोराईचा विपश्यना पॅगोडा. एस्सेल वर्ल्डच्या शेजारीच आहे तो. जमीनही एस्सेल समूहाच्या सुभाष चंद्रा यांनीच दिलेली. ब्रह्मदेशातल्या श्वेडेगॉनच्या धर्तीवर बांधलेला, उंची सव्वातीनशे फूट, २००९ साली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आम्ही माहिती द्यायला तोंड उघडले तेवढ्यात धाकटा ओरडला, "आई, पप्पा परत म्युझियमला न्यायलेत!"

आयुष्मतींनी निवाडा दिला. आधी पॅगोडा, मग पाळणे, आणि माहिती फक्त तीन वाक्यांत. आम्हांला तीन वाक्ये मिळाली. आम्ही ती जपून वापरली. आत आठ हजार माणसे बसतात. एवढ्या मोठ्या छताला मध्ये एकही खांब नाही. दगड एकमेकांत अडकवून ते उभे केले आहे. काचेपलीकडून आम्ही आतली भली मोठी रिकामी जागा पाहिली. तिन्ही मुले नाक काचेला लावून उभी राहिली आणि चक्क गप्प झाली. मग धाकट्याने हळूच विचारले, "खांब नाय तर पडत का नाय?" या प्रश्नाचे उत्तर चौथ्या वाक्यात होते. ते आम्ही गिळले.

आणि मग एकदाचे एस्सेल वर्ल्ड.

दारातून आत पाऊल टाकले आणि तिन्ही पोरे तीन दिशांना पळाली. गोळा करायला अर्धा तास गेला. प्रत्येक खेळाच्या तोंडाशी उंची मोजायची खूण होती. त्या खुणेच्या खाली डोके असेल तर आत सोडत नाहीत. आम्ही आयुष्यात पुष्कळ दारांवर अडवले गेलेले, तेव्हा रांगेत उभे राहिले की मनाची आपोआप तयारी होते: आता नाव विचारतील, मग आडनाव, मग गाव. इथे पोऱ्या फक्त डोक्यावर हात सपाट धरून पाहायचा. थोरली बसायची, मेव्हण्यांची मुलगी निसटती बसायची, आणि धाकटा दर वेळी चार बोटे कमी पडायचा.

तिसऱ्यांदा परत पाठवल्यावर तो रडला नाही. बाजूला जाऊन थोरलीशी त्याची काहीतरी खलबते झाली. चौथ्या खेळाच्या रांगेत तो चालत आला तो बगळ्यासारखा. दोन्ही बुटांत हातरुमाल कोंबले होते, एक आईचा आणि एक आमचा. पोऱ्याने खुणेकडे पाहिले, बुटांकडे पाहिले, आणि आमच्याकडे पाहून म्हणाला, "काका, ह्याला पुढच्या वर्षी आणा." पुढल्या साली! इतक्या वर्षांनी तेच दोन शब्द आमच्या कानावर पडले आणि आम्ही उगाच घसा खाकरला.

आता आमची स्वतःची फजिती. त्या बागेत टॉप स्पिन नावाचा एक खेळ होता. माणसांनी भरलेला आडवा बाक वर नेऊन उलटा करायचे, आणि उलटा असतानाच क्षणभर थांबवायचे. खालून पाहतानाच आमच्या पोटात गोळा आला. थोरली म्हणाली, "पप्पा, तुमी चला की. तुमी तर जयंतीला भाषणात म्हणता, भिऊ नका." तिच्या म्हणण्यात तर्क होता. पण आम्हांला एकाएकी आठवण झाली की लहान मुलाजवळ कुणीतरी थांबायला हवे. "थांबते की माझ्यापाशी तुमची थोरली," आयुष्मती म्हणाल्या. आम्हांला एकाएकी आठवण झाली की आमची कंबर दुखते.

आयुष्मतींनी पदर कमरेला खोचला, चपला आमच्या हातात दिल्या आणि रांगेत गेल्या. त्यांचे आईवडील ऊसतोडीला जायचे. लहानपणी त्या ट्रकमध्ये भांड्याकुंड्यांच्या आणि शेळ्यांच्या ढिगावर बसून कारखान्याला गेलेल्या. बाक उलटा झाला तेव्हा आम्ही डोळे मिटले. उघडले तर त्या वर उलट्या लटकून मोठ्याने हसत होत्या. लग्नाला अकरा वर्षे झाली होती, असे हसू आम्ही घरात ऐकले नव्हते. खाली आल्या, केस सारखे केले, चपला न घालताच म्हणाल्या, "परत एकदा जाऊन येते." आम्ही आणखी पंधरा मिनिटे चपला हातात घेऊन उभे. शेजारून एक गृहस्थ गेले, त्यांच्याही हातात चपला होत्या. आम्ही एकमेकांना मान लवून नमस्कार केला.

असो. दुपारी तीन-साडेतीन वाजले असतील. सगळे थकले होते. धाकट्याला बसता येईल अशी एक गाडी शेवटी सापडली, झिपर डिपर नावाची, लहान मुलांची छोटी रोलर कोस्टर. ती पाहून आम्हांला एकदम बार्शी लाईट आठवली. नव्या पिढीला ती माहीत नाही. रूळ रुंद होण्याआधी आमच्या भागातून जी रेल्वे धावायची तिचे रूळ अडीच फुटांचे. त्याच लाईनीवरच्या कसबे तडवळ्याला १९४१ साली बाबासाहेब महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. पण पोरांच्या दृष्टीने तिचे मोठेपण हे की ती चढावर इतकी हळू व्हायची, की उडी मारून उतरावे आणि पळत जाऊन पुढच्या डब्यात चढावे. आम्ही धाकट्याला म्हणालो, "आमच्या गावाला खरीखुरी रेल्वेच अशी होती." तो म्हणाला, "खोटं." मग दोन्ही हात वर करून म्हणाला, "पप्पा, मी वरून हात करतो. तुमी त्या दांडीपाशी थांबा. हलू नका."

आम्ही दांडीपाशी थांबलो. रांग मोठी होती.

आता जे सांगायचे ते सरळ सांगून टाकतो. आम्ही थोरलीला म्हणालो, "फोन दे जरा, वेळ बघतो." तिने आमच्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले आणि फोन दिला. आम्ही तो चालू केला. सतरा मिस्ड कॉल. एकाच माणसाचे. सतरा म्हणजे गावात काहीतरी विपरीत घडले असणार. "जरा जाऊन येतो," असे म्हणून आम्ही मुतारीच्या मागच्या भिंतीआड गेलो आणि फोन लावला.

कुणी मेले नव्हते. कुणाला लागले नव्हते. २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनाच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायला द्यायची होती, आणि तिच्यात कुणाचे नाव कुणाच्या वर यावे यावरून मंडळात दोन तट पडले होते. आम्ही एका तटाला समजावले. त्याने फोन दुसऱ्या तटाकडे दिला. त्याला समजावले. मग पहिल्याला दुसऱ्याचे म्हणणे सांगितले. संविधानात समता आहे तेव्हा नावे बाराखडीप्रमाणे टाका, असा तोडगा आम्ही काढला. त्यावर 'अ' वरून नाव असलेल्या सदस्यावर तिसरा आरोप झाला. चाळीस मिनिटे गेली. शेवटी बॅटरी संपून फोन बंद पडला. गावी परत गेल्यावर कळले, की फोन तुटला तसा मंडळातल्या एका तरुण पोराने नावेच काढून टाकली, 'समस्त बौद्ध बांधव, तेर' एवढेच छापायला दिले, आणि पाच मिनिटांत भांडण मिटले.

आम्ही दांडीपाशी परत आलो तेव्हा गाडी केव्हाच खाली आली होती. आयुष्मती दोन्ही मुलींबरोबर बाकावर बसल्या होत्या. धाकटा थोरलीच्या मांडीवर, तोंड लालभडक, हातात बर्फाची रिकामी पिशवी. "पाहिलं का पप्पा?" त्याने विचारले. "मी दोन्ही हात सोडले."

"पाहिलं की," आम्ही म्हणालो. "लई भारी."

तो खूश झाला. थोरलीने फोन परत घेऊन पर्समध्ये टाकला. ती काही बोलली नाही. कुणाला पत्ता लागला नाही असे समजून आम्ही निश्चिंत झालो. परतीच्या लाँचवर तिन्ही पोरे आमच्या अंगावर पडून झोपली. रात्री मेव्हण्यांच्या खोलीत दिव्याखाली बसून आम्ही हिशेब मांडला, तर ४० रुपये कमी. खिसे पाहिले, पर्स पाहिली. थोरलीच्या पर्समध्ये आम्ही सुटे पैसे ठेवले होते. तिला विचारले, तर म्हणाली, "मला नाय माहीत," आणि कूस बदलली.

दुसऱ्यांदा जाणे झाले नाही. त्या वर्षी नाही, पुढल्या साली नाही. मग २०२० ची टाळेबंदी आली. २०२२ साली एस्सेल वर्ल्ड बंद झाले. ही बातमी आली तेव्हा धाकटा भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणांपाशी जाऊन उभा राहिला. गोराईहून आल्यापासून तो दर महिन्याला तिथे आपली उंची मोजत होता. टॉप स्पिनची खूण त्याने केव्हाच मागे टाकली होती.

गेल्या दिवाळीला घराला रंग द्यायचा म्हणून कपाट रिकामे केले आणि ती वही वर आली. थोरली आता कॉलेजात जाते, तिनेही कॉमर्सच घेतले आहे. पाने उलटता उलटता ती त्या लाल गोलापाशी थांबली.

"हे चाळीस अजून सापडले नाहीत का?"

"नाही," आम्ही म्हणालो.

ती हसली, पण नेहमीसारखी नाही. मग वहीवर बोट ठेवून सांगू लागली. धाकटा वर गेला, हात सोडले, आणि दांडीपाशी पप्पा नाहीत हे त्याने वरूनच पाहिले. खाली आला तो रडतच. आईने किती समजावले, ऐकेना. मग ती त्याला हाताला धरून आम्हांला शोधायला निघाली. भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत आली. धाकटा मागे होता, त्याला दिसले नाही. तिला दिसले. आम्ही फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होतो आणि भाषणात करतो तसा हात वर-खाली करत होतो. ती तिथूनच मागे वळली. त्याला म्हणाली, पप्पा दुसऱ्या बाजूला उभे होते, तिथून त्यांनी सगळं पाह्यलं, आता पाण्याच्या रांगेत हायत. आणि तो गप्प व्हावा म्हणून पर्समधल्या पैशांतून रंगीत बर्फाच्या दोन पिशव्या घेतल्या. वीस-वीस रुपयांच्या.

"दोन कशाला?" आम्ही विचारले. दुसरे काय विचारावे ते आम्हांला सुचले नाही.

"एक मला. मी पण रडत होते."

बाहेर अंगणात धाकटा रंगाच्या डब्यात काठी ढवळत होता. तो आता तेरा वर्षांचा आहे. त्याला अजूनही वाटते की आम्ही त्याला वर दोन्ही हात सोडलेले पाहिले.

आम्ही खिशातले पेन काढले. तेरीज जुळवायची तर नोंद करायला हवी होती. थोरलीला विचारले, "कोणत्या खात्यावर लिहू?"

तिने वही आमच्याकडे सरकवली. "तुमच्या नावे टाका."

टाकले.